ऑपरेशनच्या वेळी जाग आली होती का?

अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका गावातून आलेली साठीची बाई. पित्ताशयात खडे, दर दोन-तीन महिन्यांनी पोटात कळ, उलट्या, सलाइन. सर्जननी दुर्बिणीतून ऑपरेशन सुचवलं होतं, पैशांची सोय झाली होती, मुलगाही तयार होता. नाही म्हणत होती ती एकटी, आणि तेही तीन वर्षं. भूल देण्याआधीच्या तपासणीसाठी ती माझ्यासमोर बसली तेव्हा मुलगा म्हणाला, "मॅडम, आई फार भित्री आहे. तुम्हीच समजवा." मी त्याला बाहेर बसायला सांगितलं आणि विचारलं, "आजी, याआधी कधी भूल घेतली होती का?"

बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "घेतली होती जी. गर्भपिशवी काढली तेव्हा. मले सारं आयकू येत होतं, पन बोट बी हालत नोहोतं."

गोष्ट वीस वर्षांपूर्वीची, दुसऱ्या एका शहरातली. भांड्यांचा खणखणाट, कुणाच्या तरी लग्नाच्या गप्पा, पोटात काहीतरी ओढल्यासारखं वाटणं हे सगळं तिला आठवत होतं. ओरडायचं होतं, पण आवाज फुटत नव्हता. आपण मेलो आहोत आणि आता आपल्याला फाडताहेत, असंच तिला वाटलं. शुद्धीवर आल्यावर तिनं नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, भुलीत माणूस असंच बडबडतो. नर्सबाईंना सांगितलं, त्या हसल्या. गावात कुणीतरी बाहेरची बाधा म्हणालं. मग तिनं सांगणंच सोडून दिलं. तेव्हापासून ती उताणी झोपत नाही. उताणं झोपलं की छातीवर कुणी बसल्यासारखं होतं.

भूलतज्ज्ञ म्हणून मी तिला सांगू शकले ते एवढंच, की आजी, तुम्ही म्हणता ते खोटं नाही. असं होतं. क्वचित होतं, पण होतं.

आजचा विषय हाच आहे. पूर्ण भूल दिलेली असताना रुग्णाला मध्येच जाग येणं. असं वाचलं की अंगावर काटा येतो आणि पुढच्या महिन्यात ऑपरेशन ठरलेल्या वाचकाला धडकी भरते. म्हणून सुरुवातीलाच सांगते, भूल आज पूर्वीपेक्षा कितीतरी सुरक्षित आहे आणि या भीतीपोटी गरजेचं ऑपरेशन टाळणं हा मोठा धोका आहे. त्या आजींनी तीन वर्षं तोच धोका पत्करला होता. माझी तक्रार भुलीबद्दल नाही, भुलीनंतर आपण रुग्णाला काहीच विचारत नाही याबद्दल आहे.

किती जणांना जाग येते?

याचं उत्तर तुम्ही कसं मोजता त्यावर ठरतं, आणि सगळी मेख तिथंच आहे.

ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या भूलतज्ज्ञांनी २०१४ मध्ये एक मोठी पाहणी प्रसिद्ध केली. तिथल्या सरकारी रुग्णालयांत एका वर्षात दिलेल्या सुमारे २८ लाख पूर्ण भुलींच्या तुलनेत, रुग्णांनी आपणहून सांगितलेले जागेचे प्रसंग त्यांनी मोजले. प्रमाण निघालं साधारण १९ हजार ६०० भुलींमागे एक. आकडा दिलासा देणारा आहे.

आता दुसरी बाजू. स्वीडनमध्ये सुमारे १२ हजार रुग्णांना भुलीनंतर ठरावीक प्रश्न मुद्दाम विचारले गेले, एकदा नव्हे तर तीनदा, शेवटचे एक-दोन आठवड्यांनी. तो अभ्यास २००० साली 'लॅन्सेट'मध्ये आला. २००४ मध्ये अमेरिकेतल्या सात रुग्णालयांत सुमारे २० हजार रुग्णांना अशाच तऱ्हेनं विचारलं गेलं. दोन्हीकडे प्रमाण निघालं हजारात एक ते दोन.

रुग्ण सांगेल म्हणून वाट पाहिली तर जवळपास २० हजारांत एक. जाऊन विचारलं तर हजारात एक-दोन. फरक वीस पटींचा आणि त्याहूनही जास्त. सगळा फरक विचारण्यामुळेच पडतो असं मी म्हणणार नाही, कारण विचारलं की पुसट, किरकोळ आठवणीही मोजल्या जातात. तरीही एवढ्या मोठ्या दरीत बरीच माणसं त्या आजींसारखी गप्प बसलेली आहेत, हे नाकारता येत नाही. ब्रिटनच्या पाहणीत काहींनी आपला अनुभव कित्येक दशकांनी पहिल्यांदा सांगितला होता.

भारतात त्या तोलाची देशव्यापी मोजणी झालेली नाही. आपल्याकडे तक्रार नाही म्हणजे घटना नाही, असं धरून चालतात. गोंदियासारख्या जिल्ह्यात, जिथं डॉक्टरांसमोर खुर्चीत नीट टेकून बसायलाही माणूस कचरतो, तिथं तक्रार आपणहून येईल ही अपेक्षाच चुकीची आहे.

हलत नाही म्हणजे झोपला असं नाही

भुलीतली जाग भुलीइतकीच जुनी आहे. जानेवारी १८४५ मध्ये बोस्टनमध्ये होरेस वेल्स या दंतवैद्यानं नायट्रस ऑक्साइड देऊन दात काढण्याचं प्रात्यक्षिक केलं. रुग्ण मध्येच ओरडला आणि जमलेल्यांनी वेल्सची टर उडवली. पुढच्या वर्षी, १६ ऑक्टोबर १८४६ रोजी, त्याच शहरात विल्यम मॉर्टन यांनी ईथर देऊन दाखवलं आणि ते साधलं. तो दिवस आजही जगभर भूल दिन म्हणून पाळतात.

त्या काळात निदान एक सोय होती. भूल कमी पडली की रुग्ण ओरडायचा, हात झटकायचा. आपल्याकडचं एक प्रसिद्ध ऑपरेशन घ्या. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी गांधीजींचं आंत्रपुच्छाचं ऑपरेशन केलं. येरवड्याच्या तुरुंगातून त्यांना तिथं आणलं होतं. क्लोरोफॉर्मची भूल दिली होती. मध्येच वीज गेली आणि राहिलेलं काम कंदिलाच्या उजेडात उरकावं लागलं. त्या काळी भूल देणाऱ्याजवळ आजच्यासारखी यंत्रं नव्हती. श्वास, नाडी, डोळ्यांच्या बाहुल्या आणि रुग्णाची हालचाल, एवढ्यावरच भूल किती खोल आहे ते ओळखायचं. रुग्ण हलला, की भूल वाढवायची.

१९४२ मध्ये हे बदललं. कॅनडातल्या माँट्रियलमध्ये हॅरॉल्ड ग्रिफिथ यांनी क्युरारे हे औषध भुलीसोबत वापरलं. दक्षिण अमेरिकेतले आदिवासी बाणाच्या टोकाला लावायचे तेच हे विष. ते स्नायू लुळे करतं. त्याच्यामुळे पोटाचं, छातीचं ऑपरेशन सोपं झालं, भूलही कमी द्यावी लागू लागली आणि कितीतरी जीव वाचले. आजही श्वासनलिकेत नळी घालताना आणि पोटाच्या बहुतेक मोठ्या ऑपरेशनांत त्याच जातीची नवी औषधं आम्ही रोज वापरतो.

पण हे औषध झोप आणत नाही आणि वेदनाही थांबवत नाही. पूर्ण भुलीत तीन वेगळी कामं असतात. शुद्ध घालवणं, वेदना थांबवणं आणि स्नायू सैल करणं. तिन्हींची औषधं वेगळी. पहिलं काही कारणानं कमी पडलं आणि तिसरं मात्र पुरेपूर काम करत असलं, तर माणूस आतून जागा आणि बाहेरून दगड. ब्रिटनच्या पाहणीत हे आकड्यांत दिसतं. स्नायू लुळे करणारं औषध दिलं असेल तर आठ हजारांत एक, दिलं नसेल तर एक लाख ३६ हजारांत एक.

त्याच पाहणीतून आणखी एक गोष्ट कळली. रुग्णांना सर्वांत जास्त छळते ती वेदना नव्हे. हलता येत नाही, बोलता येत नाही, श्वाससुद्धा आपला आपल्याला घेता येत नाही, ही लाचारी जास्त छळते. बहुतेक प्रसंग पाच मिनिटांच्या आतले होते. पण त्यातल्या सुमारे ४१ टक्के लोकांना पुढे दीर्घकाळ त्रास झाला. झोप उडणं, दचकून उठणं, दवाखान्याच्या वासानं घाम फुटणं, उताणं झोपता न येणं.

कधी आणि कुणाला?

लोकांना वाटतं, ऑपरेशन ऐन रंगात असताना जाग येत असेल. प्रत्यक्षात सुमारे दोन तृतीयांश प्रसंग भूल चढताना किंवा उतरताना घडतात. झोपेचं इंजेक्शन काही मिनिटंच टिकतं. ते उतरायच्या आत नळी घालून भुलीचा वायू सुरू व्हावा लागतो. इथं उशीर झाला की फट पडते.

उशीर का होतो? आपल्या भागातलं एक कारण सांगते, ज्याचा भुलीशी संबंध आहे हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. खर्रा. वर्षानुवर्षं खर्रा चघळून गालाची आतली त्वचा कडक होते, तोंड उघडेनासं होतं. दोन बोटंही आत जात नाहीत अशी तिशीतली तरुण पोरं मी पाहिली आहेत. अशा तोंडातून श्वासनलिकेत नळी घालणं अवघड असतं, वेळ लागतो, आणि तेवढ्यात झोपेचं औषध उतरू लागतं. खऱ्र्यानं कॅन्सर होतो हे आपण सांगतो. त्यानं भूलही धोक्यात येते, हेही सांगायला हवं.

दुसरं कारण घाई. पूर्ण भुलीखाली केलेल्या सिझरमध्ये ब्रिटनच्या पाहणीत प्रमाण ६७० मध्ये एक इतकं वर गेलं होतं. बहुतेक सिझर कमरेत इंजेक्शन देऊन होतात, म्हणजे आई जागीच असते आणि तिला तसं सांगितलेलंही असतं. पण बाई रक्तस्राव होत असलेली, झटके येत असलेली, बाळाचे ठोके मंदावलेली अशी आली, की पूर्ण भूल द्यावी लागते. तीही झटपट, आणि बाळाचा विचार करून हात राखून. सालेकसा किंवा देवरीच्या टोकाच्या गावातून रुग्णवाहिकेनं गोंदियाला पोहोचलेली बाई बऱ्याचदा याच अवस्थेत असते.

तिसरं, अपघातातले आणि हृदयाचे रुग्ण. रक्तदाब इतका खाली असतो की भुलीचं औषध पूर्ण दिलं तर जीव जाईल. तिथं भूलतज्ज्ञ जाणूनबुजून जीव आधी आणि झोप नंतर अशी निवड करतो. ती निवड चूक नसते. पण मग जगलेल्या माणसाला नंतर भेटून विचारणं, ही त्या निवडीचीच पुढची जबाबदारी आहे.

आणि चौथं, साध्या चुका. सिरिंजवर नावाची पट्टी नसणं, झोपेच्या औषधाऐवजी स्नायूंचं औषध आधी जाणं, भुलीच्या वायूचं भांडं रिकामं झालेलं लक्षात न येणं, शिरेतली सुई निसटणं. या चुका थकव्यातून होतात. एकच भूलतज्ज्ञ सकाळी एका दवाखान्यात, दुपारी दुसऱ्यात, रात्री तिसऱ्यात, हे चित्र लहान शहरांत नवीन नाही.

जाग नसते तरीही जाग वाटते

एक गैरसमज इथंच दूर करते. "ऑपरेशन चालू असताना मला सगळं ऐकू येत होतं" असं सांगणाऱ्या अनेकांना पूर्ण भूल दिलेलीच नसते. कमरेतल्या इंजेक्शनानं फक्त कमरेखालचं अंग बधिर होतं. कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनात बहुतेक वेळा जागा बधिर करतात आणि सोबत गुंगीचं औषध देतात. त्यात आवाज ऐकू येणं, ओढल्यासारखं वाटणं अपेक्षितच आहे. ब्रिटनच्या पाहणीतही सुमारे पाचवा हिस्सा तक्रारी अशा गुंगीतल्या रुग्णांच्या होत्या.

मग दोष कुणाचा? रुग्णाचा तर नक्कीच नाही. त्याला "भूल देणार" एवढंच सांगितलेलं असतं, आणि त्याच्या लेखी भूल म्हणजे काहीच न कळणं. संमतिपत्रावर अंगठा किंवा सही घेतली की आपलं काम झालं, असं आपण मानतो. सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केलं, की पुरेशी माहिती देऊन घेतलेली संमती हीच खरी संमती. "कमरेत इंजेक्शन देऊ, तुम्ही जागे असाल, आवाज येतील, ओढल्यासारखं वाटेल, पण दुखणार नाही. दुखलं तर लगेच सांगा." एवढं सांगायला अर्धा मिनिट लागतो. आणि न सांगितल्यानं एखादी बाई आयुष्यभर समजते की आपल्याला जागेपणी कापलं.

यंत्र घेतलं की प्रश्न सुटेल?

मेंदूतल्या विजेच्या लहरी कपाळावरच्या पट्टीतून मोजून भुलीची खोली आकड्यात दाखवणारं यंत्र आहे. २००४ मध्ये जास्त जोखमीच्या रुग्णांवर झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या अभ्यासात त्यानं जागेचं प्रमाण बरंच कमी झालं. पण २०११ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या सुमारे सहा हजार रुग्णांच्या अभ्यासात दिसलं, की श्वासातून बाहेर पडणारा भुलीचा वायू मोजून, तो कमी झाला की इशारा देणारी साधी व्यवस्था त्याच्या तोडीस तोड आहे.

मी यंत्राच्या विरोधात नाही. सगळी भूल शिरेतूनच देताना त्याचा उपयोग आहे. पण जिल्ह्याच्या ठिकाणी आधी काय हवं, असं कुणी विचारलं तर मी म्हणेन: वायू मोजणारा आणि इशारा देणारा मॉनिटर, प्रत्येक सिरिंजवर पट्टी, ऑपरेशनआधी यंत्राची तपासणी, आणि स्नायूंचं औषध उतरलं की नाही हे मनगटावर हलका विजेचा धक्का देऊन पाहणारं छोटं उपकरण. रुग्णाला उठवण्याआधी ते वापरलं तर उतरत्या भुलीतली भयंकर मिनिटं टळतात.

एक गोष्ट तर फुकट आहे. २०१७ च्या एका अभ्यासात २६० रुग्णांच्या एका हाताला पट्टा आवळून तिथं स्नायूंचं औषध पोहोचू दिलं नाही. नळी घातल्यानंतर "ऐकू येत असेल तर हात दाबा" असं म्हटल्यावर १२ जणांनी हात दाबला. नंतर जवळपास कुणालाच ते आठवलं नाही. म्हणजे आठवण राहिली नाही म्हणून त्या क्षणी भान नव्हतं असं नाही. तेव्हा ऑपरेशनच्या खोलीत बोलताना रुग्ण ऐकतो आहे असं धरूनच बोलावं. त्याच्या शरीरावर, जातीवर, गरिबीवर शेरे मारू नयेत.

पाच साधे प्रश्न

आता मूळ मुद्दा. ऑपरेशननंतर रुग्णाला विचारायचे प्रश्न १९७० पासून तयार आहेत आणि ब्राइस या भूलतज्ज्ञाच्या नावानं ओळखले जातात. झोप लागण्याआधीचं शेवटचं काय आठवतं? जागं झाल्यावरचं पहिलं काय आठवतं? या दोन्हींच्या मधलं काही आठवतं का? स्वप्न पडलं का? या सगळ्यात सर्वांत वाईट काय वाटलं?

या प्रश्नांत "जाग आली होती का" हे शब्द कुठंच नाहीत. त्यामुळे रुग्ण घाबरत नाही आणि आपण त्याच्या तोंडी उत्तर घालत नाही. वेळ लागतो दोन मिनिटं. मात्र ते दोनदा विचारावे लागतात. एकदा दुसऱ्या दिवशी आणि एकदा आठ-पंधरा दिवसांनी. स्वीडनच्या अभ्यासात काहींना पहिल्यांदा काहीच आठवलं नव्हतं, नंतर आठवलं.

आणि ते रुग्णाच्या बोलीत विचारावे लागतात. आपल्या जिल्ह्यात मराठी आहे, हिंदी आहे, झाडीबोली, पोवारी, गोंडी, छत्तीसगढी आहे. बालाघाट आणि राजनांदगावकडचे रुग्णही इथं येतात. "शस्त्रक्रियेदरम्यान काही स्मरते का" असं विचारलं तर उत्तर "नाही"च येणार.

दुसऱ्यांदा विचारणार कोण, असा प्रश्न येईल. टाके काढायला रुग्ण येतोच, तिथं विचारता येईल. आणि सिझर झालेल्या बाईच्या घरी तर आशाताई बाळाला पाहायला सातव्या, चौदाव्या दिवशी आणि पुढेही जातेच. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची ही पद्धत आपल्या शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं सिद्ध करून दाखवली आणि नंतर देशानं उचलली. गावातली शिकवलेली बाई बाळाचा श्वास मोजू शकते, तर आईला दोन प्रश्नही विचारू शकते. पूर्ण भूल दिलेल्या सिझरच्या डिस्चार्ज कार्डावर तशी एक ओळ असली की झालं.

गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. केटीएस आणि बाई गंगाबाई महिला रुग्णालय त्याला जोडलेली आहेत. शिकणारी मुलं आहेत, विभाग आहेत. या प्रश्नांची उत्तरं एका वहीत वर्षभर लिहिली, तर या भागाचा स्वतःचा आकडा हाती येईल. त्यासाठी यंत्र लागत नाही, निधी लागत नाही.

आक्षेप माझ्याच व्यवसायातून येतील, हे मला माहीत आहे. पहिला, वेळ नाही. खरं आहे. पण हे प्रश्न भूलतज्ज्ञानंच विचारावेत असं नाही, वॉर्डातली परिचारिकाही विचारू शकते. दुसरा, विचारलं तर भांडण ओढवून घेऊ, कोर्टकचेरी होईल, नातेवाईक अंगावर येतील. ही भीती खोटी नाही. पण माणूस चिडतो तो बहुधा लपवल्यामुळे आणि हसण्यावारी नेल्यामुळे. आपणहून येऊन "काय झालं ते सांगा, मी ऐकतो" म्हणणाऱ्या डॉक्टरवर चिडणं अवघड असतं. ब्रिटनच्या पाहणीचाही निष्कर्ष असाच आहे. काय घडलं आणि का घडलं हे लवकर समजावून सांगितलं, तर पुढचा मानसिक त्रास कमी होण्याची शक्यता असते.

तसा रुग्ण सापडलाच तर तीन गोष्टी करायच्या. त्याचं पूर्ण ऐकायचं आणि विश्वास ठेवायचा. भुलीचा कागद काढून कुठं काय झालं ते त्याला त्याच्या भाषेत सांगायचं. आणि त्रास दोन-तीन आठवड्यांनंतरही चालू राहिला तर मानसोपचार तज्ज्ञाकडे पाठवायचं. सरकारची टेलिमानस ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवाही आहे.

रुग्णांनीही काही करावं

भूलतज्ज्ञाला भेटल्याशिवाय ऑपरेशनच्या टेबलावर जाऊ नका. आधीच्या भुलीत काही आठवत असेल तर ते सांगा, कितीही जुनं असो. दारू, मोहाची असो की बाटलीतली, गांजा, झोपेच्या गोळ्या हे लपवू नका, कारण त्यानं औषधाची मात्रा बदलू शकते. खर्रा खात असाल तर तोंड किती उघडतं ते दाखवा. भूल पूर्ण आहे, कमरेतली आहे की नुसती गुंगी, हे विचारा. आणि नंतर काही आठवलं तर गप्प बसू नका. आपल्या उपचाराचे कागद मागणं हा तुमचा हक्क आहे. डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार मागितल्यापासून ७२ तासांत ते द्यावे लागतात.

घरच्यांना एकच विनंती. ऑपरेशन झालेलं माणूस काही सांगू लागलं, तर "भुलीत होतीस" म्हणून त्याचं तोंड बंद करू नका. वैद्यकशास्त्रानं हा प्रकार १९५० पासून नोंदवून ठेवला आहे.

त्या आजींचं ऑपरेशन झालं. भूल देण्याआधी मी त्यांना प्रत्येक पायरी सांगितली, वायूच्या मॉनिटरवरून नजर हलवली नाही आणि हात धरूनच उठवलं. दुसऱ्या दिवशी पाचही प्रश्न विचारले. मधलं काही आठवतं का? "काईच नाही जी," त्या म्हणाल्या. टाके काढायला आल्या तेव्हा पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर. मग जाता जाता दारात थांबून त्यांनी मला विचारलं, "मॅडम, तेव्हा कोनी काहून नाही इचारलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.